मेक्सिकन हॉट सॉस "नुसता आंबट" का लागतो, आणि तिखट हवा असेल तर कुठली बाटली घ्यावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळला आहे की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही डॅलसला राहता. तिथल्या मेक्सिकन किराणा दुकानातून तुम्ही चार बाटल्या आणल्या: पिवळ्या लेबलची व्हॅलेंटिना, काळ्या लेबलची 'एक्स्ट्रा हॉट' व्हॅलेंटिना, लाकडी बुचाची चोलुला आणि एल युकातेकोचा हिरवा हबानेरो सॉस. पहिल्या तिन्ही घरात कुणाला तिखट लागल्या नाहीत. रस्साभाजीत पिवळ्या व्हॅलेंटिनाचे चार चमचे घातले तर भाजी आंबट झाली, तिखट नाहीच. चौथ्या बाटलीतला मात्र एक चमचा तुमच्या कोल्हापूरच्या नवऱ्याने हौसेने तोंडात टाकला आणि पंधरा मिनिटं नाका-डोळ्यांतून पाणी. तुमचे प्रश्न तीन: 'एक्स्ट्रा हॉट' ही फसवणूक आहे का, यांतली खरी मेक्सिकन कुठली, आणि व्हिनेगर कमी करून असा सॉस घरी करता येईल का.

मी अन्नतंत्रज्ञ आहे. सॉस आणि चटण्यांच्या उत्पादनात चव, आम्लता आणि टिकाऊपणा बघणं हे माझं काम. मधली काही वर्षं मेक्सिकोत, हालिस्को राज्यातल्या ग्वादलाहाराला होते. तुमच्या दोन्ही व्हॅलेंटिना त्याच शहरातल्या, आणि चोलुलाही त्याच राज्यातली, चापाला तळ्याच्या भागातली. त्यामुळे जे सांगते आहे ते त्या कामातून आणि तिथल्या जेवणाच्या टेबलांवरून आलेलं आहे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिखटपणाचा नाहीच. तुम्ही या बाटलीकडे तिखटाच्या डब्यासारखं बघता आहात, आणि ती त्या कामाची वस्तू नाही. या बाटलीत पहिलं येतं मीठ आणि आंबट, मग सुक्या मिरचीचा स्वाद, आणि शेवटी तिखट. निवड करायची ती आत कुठली मिरची आहे हे बघून. लेबलवर किती ज्वाळा काढल्या आहेत हे बघून नाही.

काही गोष्टी मात्र माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगून टाकते. रोज तिखट खाणाऱ्याची जीभ सरावलेली असते, त्यामुळे "तिखट नाही" या तुमच्या घरच्या निकालाला तुमच्या अमेरिकन शेजाऱ्यांच्या घरी काही किंमत नाही, आणि त्यांच्या निकालाला तुमच्या घरी नाही. तोच सॉस गार काकडीवर आणि गरम अंड्यावर वेगवेगळा लागतो. आणि मिरची हे शेतातलं पीक आहे. एकाच जातीत दुप्पट-तिप्पट फरक सहज पडतो. कारखाने वेगवेगळा माल मिसळून तो फरक सपाट करतात, घरी तो पूर्ण तुमच्या पदरात पडतो. म्हणून खाली जे आकडे देते आहे ते अंदाजाला धरा.

आता हिशोब करू. तिखटपणा मोजायची स्कोविल ही मोजणी १९१२ मध्ये विल्बर स्कोविल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं व्हायला किती पट पातळ करावा लागला तो तिचा आकडा. हल्ली प्रयोगशाळेत यंत्राने कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं द्रव्य, आणि त्याची भावंडं थेट मोजतात आणि त्यावरून आकडा काढतात. पिवळी व्हॅलेंटिना साधारण ९०० ची, काळी २,१०० च्या आसपास. कॅलिफोर्नियाची तापातियो ३,००० च्या घरात. आणि आपल्याकडची गुंटूरची तिखट मिरची ३०,००० ते ४०,०००.

पण इथे एक गोष्ट हमखास निसटते. मिरचीचा आकडा सुक्या मिरचीचा असतो आणि सॉसचा आकडा सॉसचा, म्हणजे त्यातल्या पाण्यासकट. २०,००० ची सुकी मिरची वजनाने एक दशांश घातली की सॉस २,००० चा होतो. मिरची तीच, फक्त नऊ भाग पाण्या-व्हिनेगरात पसरलेली. तुमच्या भाजीचंच घ्या. चार चमचे पिवळी व्हॅलेंटिना म्हणजे साधारण २० ग्रॅम. त्यात जेवढा जाळ आहे तेवढा ३०,००० च्या लाल तिखटाच्या जेमतेम अर्ध्या-पाऊण ग्रॅममध्ये असतो. म्हणजे चमच्याच्या टोकावर राहील एवढं तिखट तुम्ही पातेलंभर रश्शात घातलंत, आणि त्यासोबत चार चमच्यांचा आंबटपणा आणि मीठ फुकट आलं. भाजी आंबट झाली नसती तरच नवल.

त्यामुळे फसवणूक मुळीच नाही. काळी बाटली पिवळीच्या दुपटीहून जास्त तिखट आहे. 'एक्स्ट्रा' हे पिवळीच्या तुलनेत आहे. तुमच्या घरच्या तिखटाच्या तुलनेत दोन्ही सौम्य, हे खरंच आहे.

आता "नुसत्या आंबट" याबद्दल, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या तिन्ही बाटल्या फिरवून मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. चोलुलावर आधी पाणी, मग आर्बोल आणि पिकिन मिरच्या, मग मीठ, आणि त्यानंतर व्हिनेगर. व्हॅलेंटिनावरही पाणी आणि मिरची पुढे, आम्ल त्यांच्या मागे. आता लुइझियानाच्या टबॅस्कोचं लेबल बघा: आधी व्हिनेगर, मग लाल मिरची, मग मीठ, बस. तीही जुनी आणि उत्तम वस्तू आहे, १८६८ पासूनची. मिठात मुरवलेल्या मिरचीचा लगदा ओकच्या पिंपांत ठेवून केलेली. पण ती व्हिनेगरमध्ये मिरची आहे, आणि मेक्सिकन बाटली ही मिरचीच्या पाण्यात थोडं व्हिनेगर आहे. लाल हॉट सॉसच्या दुनियेत तुम्ही आणलेल्या बाटल्या कमी आंबट गटातल्या आहेत! फक्त एक लक्षात ठेवा: काही लेबलांवर व्हिनेगरऐवजी ॲसेटिक ॲसिड लिहिलेलं असतं. ते तीव्र असल्यामुळे वजनाने थोडं लागतं आणि यादीत खाली दिसतं. म्हणजे यादीतली जागा बघून आंबटपणाचा अंदाज येतो, माप येत नाही.

मग आंबट एवढं पुढे का येतं? कारण मीठ आणि आंबट जिभेला लगेच कळतात, आणि कॅप्सेसिनला वर चढायला वेळ लागतो. चमच्याने सॉस चाटून बघितला की पहिल्या दोन सेकंदांत निकाल लागतो, "आंबट". तोवर तिखट पोचलेलंच नसतं, आणि या सॉसमध्ये ते मुळात थोडंच असल्यामुळे नंतर पोचलं तरी लक्ष वेधून घेत नाही. म्हणून आमच्याकडे सॉस कधीच नुसता चमच्याने चाखून ठरवत नाहीत. उकडलेला बटाटा किंवा बिनमिठाचा भात घ्या, त्यावर थेंब टाका, चावा, गिळा आणि अर्धा मिनिट थांबा. त्या अर्ध्या मिनिटात सॉस जे सांगायचं ते सगळं सांगतो.

शरीराची बाजूही थोडी बघू. कॅप्सेसिन ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतं तो जिभेचा चवीचा ग्राहक नाही, वेदनेच्या आणि उष्णतेच्या मज्जातंतूंवरचा आहे. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो एरवीही उघडतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो शोधून काढला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. म्हणून गरम पदार्थावर तोच सॉस जास्त झोंबतो. दुसरं, कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात छान विरघळतं. आपल्या रश्शावर जो तवंग असतो, त्या तेलात तिखट उतरलेलं असतं आणि ते तेल तोंडाला आतून लेप देऊन बसतं. घोटभर पाण्याने हलत नाही. बाटलीतल्या सॉसमध्ये तेल नसतं. त्याचं तिखट मिरचीच्या बारीक कणांतून येतं, आणि तेलातल्या तिखटापेक्षा लवकर उतरतं. कोल्हापुरी जेवणाऱ्या माणसाला हे उतरून जाणारं तिखट "तिखटच नाही" असं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

आता मिरच्यांकडे येते. या सॉसची गंमत इथेच आहे.

मेक्सिकोत ताजी मिरची आणि तीच वाळवलेली मिरची यांना दोन वेगळ्या वस्तू मानतात, नावंही वेगळी. मिरासोल वाळली की ग्वाहियो. पोब्लानो वाळली की आंचो. हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. वाळताना पाणी जातं एवढंच होत नाही. हिरवा, गवती वास जातो आणि मनुका, सुकं बोर, कोरा चहा अशा छटा येतात. हालिस्कोच्या पातळ लाल सॉसचा जीव या सुक्या मिरच्यांत आहे. ग्वाहियो लांब, गुळगुळीत, तपकिरी-लाल, चवीला किंचित आंबट-गोड आणि तिखटाला अगदी बेताची, २,५०० ते ५,००० ची. तिची बारीक आणि जास्त तिखट बहीण म्हणजे पुया. व्हॅलेंटिनाचं नाव निघालं की या मिरचीचं नाव निघतंच. आर्बोल ही बोटाएवढी, सडसडीत, लखलखीत लाल, १५,००० ते ३०,००० ची, आणि तिला भाजलेल्या दाण्यांसारखा एक कोरडा स्वाद. हालिस्कोतल्या याहुआलिका भागातल्या आर्बोलला २०१८ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने उगमस्थानाचं संरक्षण दिलं, इतकी तिथे तिची शान. ग्वादलाहाराची तोर्ता आओगादा, म्हणजे सॉसमध्ये बुडवलेला डुकराच्या मांसाचा पाव, तिच्या तिखट सॉसशिवाय होतच नाही. आणि पिकिन तर वाटाण्याएवढी, पण जाळ जोरदार. रानटी मिरचीच्या अगदी जवळची.

आपल्या घरात रंगासाठी ब्याडगी आणि जाळासाठी लवंगी किंवा गुंटूर असा मेळ घालतात ना? मेक्सिकन सॉसवालेही तेच करतात. ग्वाहियो-पुया अंगाला आणि रंगाला, आर्बोल-पिकिन टोकाला. बाटली निवडताना हा मेळ कुठे झुकला आहे ते बघायचं.

त्या हिशोबाने तुमच्या बाटल्या बघा. पिवळी व्हॅलेंटिना माझ्या लेखी या प्रकारातली सगळ्यात समतोल वस्तू आहे: दाटसर, मिठाला नेमकी, मिरचीचा फळासारखा स्वाद स्पष्ट. स्वस्त आहे म्हणून तिला कुणी हलकी समजू नये. मेक्सिकोत चिप्सच्या गाडीवर, फळांच्या गाडीवर मला जास्त करून हीच दिसली. काळीत जाळ वाढतो तसा तो फळाचा स्वाद थोडा मागे जातो. तुमच्या घराला काळीच बरी. चोलुला पातळ, गुळगुळीत, लसूण आणि मसाल्याचा वास पुढे; अंड्यावर फार छान, पण मिरचीचा स्वतःचा आवाज तिच्यात मला कमी ऐकू येतो. नाव पुएब्ला राज्यातल्या प्राचीन चोलुला शहराचं असलं तरी बनते हालिस्कोत, आणि २०२० पासून मालकी मॅकॉर्मिक या अमेरिकन मसाला कंपनीची. तुमच्या दुकानात तापातियो असेलच. ती १९७१ मध्ये होसे-लुईस सावेद्रा यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली आणि आजही तिथेच बनते. लसूण जास्त, आंबट कमी, तिखट या तिघींपेक्षा वर. तुमच्या नवऱ्याला हिच्यापासून सुरुवात करू द्या. किनाऱ्याकडच्या नायारीत राज्यातली, तेपिक गावची उइचोल मिळाली तर जरूर घ्या. १९४९ पासूनची, कास्काबेल मिरचीची, आणि कोळंबी-तिसऱ्यांवर तिच्यासारखी दुसरी नाही.

यात "खरी" कुठली हे मी सांगणार नाही, कारण तसा एक मेक्सिकन सॉस अस्तित्वात नाही. हालिस्कोचा माणूस सुक्या लाल मिरचीची बाटली उचलेल, युकातानचा माणूस हबानेरोची, आणि दोघांच्या घरी जेवणाच्या टेबलावर बाटलीशेजारी त्या दिवशी वाटलेली ताजी सालसा असेलच. टाकोच्या गाडीवर तर ताज्या सालसांचीच भांडी मांडलेली असतात. आणि कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन कुटुंबांनी पन्नास वर्षं टेबलावर ठेवलेली बाटली परकी म्हणायची, हे मला तरी पटत नाही.

चौथी बाटली वेगळ्या घराण्यातली. एल युकातेको युकातान द्वीपकल्पातल्या मेरिदाची, १९६८ पासूनची. हबानेरो ही वेगळ्याच जातीची मिरची आहे. वर सांगितलेल्या सगळ्या कॅप्सिकम ॲन्यूअम, ही कॅप्सिकम चिनेन्स. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया याच बाजूची. हबानेरो १,००,००० पासून ३,५०,००० पर्यंत जाते, त्यामुळे पातळ करूनही सॉस काही हजारांचा राहतो. एल युकातेकोचाच कुट-बिल-इक नावाचा सॉस तर साडेअकरा हजारांच्या आसपास. म्हणजे पिवळ्या व्हॅलेंटिनाच्या बारा-तेरा पट. शिवाय तिचा जाळ जिभेच्या टोकावर थांबत नाही, उशिरा येतो, घशात उतरतो आणि रेंगाळतो. पण ताज्या पिकलेल्या हबानेरोला जर्दाळू आणि संत्र्याच्या सालीसारखा जो सुगंध असतो तो दुसऱ्या कुठल्या मिरचीत मला सापडलेला नाही. हिरव्या बाटलीत कच्ची मिरची असते, म्हणून तो सुगंध थोडा हिरवट. तो गर्द हिरवा रंग खाद्यरंगाचा. लेबलवर लिहिलेलं असतं. रंग नको असेल तर तसं बघून दुसरी बाटली निवडा. ही बाटली चमच्याने घ्यायची नाही, थेंबाने. युकातानमध्ये कोचिनिता पिबिल या मंद भाजलेल्या डुकराच्या मांसावर कांदा, कडू संत्र्याचा रस आणि हबानेरो असं घेतात. तिथे चरबी असते, आंबट असतं, आणि त्या संगतीत तो जाळ बसतो. पुन्हा कधी कुणी चमचाभर घेतलाच तर पाणी देऊ नका, दूध किंवा घट्ट दही द्या. दुधातली चरबी आणि केसिन प्रथिन कॅप्सेसिनला धरून खाली नेतात.

मग या लाल बाटल्या वापरायच्या कुठे? पोह्यांवर लिंबू पिळतो त्या जागी. म्हणजे शिजवून झाल्यावर, ताटात, वरून. तेलकट, पिठूळ किंवा गोड पदार्थ असेल तर सॉस चमकतो, कारण त्या पदार्थाला आंबट आणि मीठ हवंच असतं. मेक्सिकोत बटाट्याच्या चिप्सच्या पिशवीत लिंबू आणि व्हॅलेंटिना ओतून पिशवी हलवतात. आंबा, काकडी, हिकामा (एक कुरकुरीत कंद) यांच्या फोडींवर घालतात. मक्याचे दाणे, पॉपकॉर्न, पिझ्झा, ऑम्लेट, कोळंबीचं गार कॉकटेल, सगळीकडे. तुमच्या घरी साबुदाणा वडा, बटाटेवडा, उकडलेली कणसं, कैरीच्या फोडी यांवर घालून बघा. मला वड्यावर काळी व्हॅलेंटिना मनापासून आवडते. रस्साभाजी, आमटी, मटण यांत घालू नका. तिथे आपली मिरची तेलात फुललेली असते, तिच्यापुढे हा सॉस काहीच भर घालत नाही. फार उकळला तर त्याचा मिरचीचा वासही उडतो आणि आंबट तेवढं मागे राहतं.

आता घरचा सॉस. करता येतो, आणि टेक्सासमध्ये तर सुक्या मिरच्या पाकिटात मिळतात. पण "व्हिनेगर कमी करून" याला माझा ठाम नकार आहे, त्याचं कारण आधी सांगते. बाटलीतलं आम्ल चवीला आहेच, पण ते पहारेकरीही आहे. आम्लता मोजायचा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या वर राहिला आणि हवाबंद बाटलीत लसूण-मिरचीचा लगदा बसला, तर बोट्युलिझमचं विष करणाऱ्या जिवाणूला तिथे वाढता येतं. वासाने किंवा चवीने ते कळत नाही. कारखान्यात आम्ही ४.६ वर कधीच थांबत नाही, ४ च्या बरंच खाली जातो. कमी आंबट हवं असेल तर ताजी सालसा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. बाटली भरून ठेवायची असेल तर व्हिनेगरला हात लावू नका.

माझं घरचं प्रमाण असं. देठ खुडून, फोडून, बिया झटकलेली ग्वाहियो किंवा पुया ३० ग्रॅम, आर्बोल २० ग्रॅम. बियांबरोबर आतली पांढरी शीरही निघते तेवढी काढा किंवा ठेवा, हे तुमच्या हातात आहे. मिरचीचा जाळ खरं तर त्या शिरेत असतो, बियांना तो नुसता लागलेला असतो. नवऱ्यासाठी करत असाल तर आर्बोलच्या शिरा ठेवा. मिरच्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजत घाला, मग ते पाणी चाखा. कडवट असेल तर फेकून द्या, नसेल तर तेच वापरा. मिरच्या, एक लसूण पाकळी, १२ ग्रॅम मीठ, चिमूटभर जिरं, चिमूटभर ओरेगानो, २०० मिली पाणी आणि ५ टक्के आम्लतेचं साधं पांढरं व्हिनेगर २०० मिली, एवढं पातेल्यात दहा मिनिटं मंद उकळा. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा, ठसका लागतो आणि व्हिनेगरच्या वाफेबरोबर जास्तच लागतो. झाकण ठेवून गार होऊ द्या, मिक्सरमध्ये भरपूर वेळ फिरवा आणि बारीक गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. हे गाळणं टाळू नका. सालाचे तुकडे राहिले की चव चोथट लागते आणि बाटलीच्या तोंडात अडकतात.

मिरच्या भाजायच्या का, हे नेहमी विचारतात. बाटलीतल्यासारखी स्वच्छ, फळासारखी चव हवी असेल तर भाजू नका. खमंग हवी असेल तर तव्यावर दहा-पंधरा सेकंद, रंग बदलायला लागला की लगेच उचला. काळा डाग पडलेली एक ग्वाहियो अख्खी बाटली कडू करते. तेल अजिबात घालायचं नाही. दाटपणासाठी कारखान्यात झँथन गम घालतात, त्याने सॉसचे थर होत नाहीत. घरी त्याची गरज नाही, बाटली हलवून घ्या.

पहिल्या दिवशी हा सॉस तुम्हाला परत "नुसता आंबट" लागेल. त्यावरून ठरवू नका. फ्रिजमध्ये आठवडाभर राहू द्या. मिरचीचे कण फुगतात, मीठ आत जातं आणि व्हिनेगरचा नाकात जाणारा तिखटपणा बसतो. तरीही आंबट वाटला तर व्हिनेगर कमी न करता छोटा अर्धा चमचा साखर घाला. साखरेने आंबट आणि जाळ दोन्ही थोडे झाकले जातात, म्हणून हात राखूनच. जाळ वाढवायचा असेल तर एक ताजी हबानेरो बाकीच्या मिरच्यांबरोबर शिजवा. सुगंध बदलेल, पण तुमच्या घरी तो बदल बहुधा आवडेल. हाताला मोजे घाला आणि त्या हाताने डोळ्यांना स्पर्श करू नका.

हे वाचणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मंडळींसाठी: ग्वाहियो मिळाली नाही तर ब्याडगी घ्या आणि आर्बोलच्या जागी गुंटूर. प्रमाण ४० ला १० ठेवा, कारण गुंटूर आर्बोलपेक्षा सहसा जहाल निघते. चव मेक्सिकन होणार नाही, ब्याडगीत ग्वाहियोचा आंबट-गोडवा नसतो. पण रंग असा येतो की काय सांगू, आणि थालिपिठावर हा सॉस फार छान लागतो.

थोडक्यात तुमच्यापुरतं: रोजच्या टेबलावर काळी व्हॅलेंटिना किंवा तापातियो, मुलांसाठी पिवळी, हबानेरो थेंबाने, आणि रश्श्यात आपलंच तिखट. उघडलेल्या बाटल्या बाहेर ठेवल्या तरी लगेच खराब होत नाहीत, पण हवा आणि उजेड लागून लाल रंग तपकिरी होतो आणि मिरचीचा वास आधी जातो, म्हणून फ्रिजमध्ये दारात ठेवा. घरचा सॉस मात्र फ्रिजमध्येच, धुऊन उकळलेल्या काचेच्या बाटलीत, आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. पीएच पट्ट्या ऑनलाइन मिळतात. लाल रंगामुळे पट्टी वाचणं अवघड जातं, म्हणून सॉस स्थिर ठेवून वरचं पातळ पाणी पट्टीवर घ्या. ४ च्या खाली दिसलं की बाटली भरा.

तापातियो आणून तुमच्या नवऱ्याला काय वाटलं ते इथेच लिहा. ग्वाहियोच्या पाकिटावर कुठली मिरची आहे ते ओळखू आलं नाही तर त्याचाही फोटो टाका, मी बघून सांगेन.